कुलसुमबीचं माप

घरात पाऊल ठेवल्यावर जीशाननं पहिलं काम केलं ते हे, की बैठकीतले बांगड्यांचे डबे उचलून खाटेखाली सारले.

हुस्नाबी मागच्या अंगणात मिरच्या उन्हात घालत होती. तिला आवाजावरूनच कळलं. बांगड्यांचा डबा उचलला की एका तऱ्हेनं वाजतो, ढकलला की वेगळा वाजतो. साठ-बासष्ट वर्षं जिनं दिवसभर तोच आवाज ऐकला, तिला ते उठून पाहावं लागत नाही. तरी ती उठली. चौदा महिन्यांनी नातू पुण्याहून आलेला. दादीजवळ दोन मिनिटं टेकला नाही, पोह्यांना हात लावला नाही, आणि ज्या डब्यांवर या घराच्या चार पिढ्या जेवल्या ते जुन्या चपलांच्या शेजारी लोटून वरून पांढरी चादर ओढत होता.

"हे काय लावलं रे?"

"दादी, चार वाजता पुण्याहून लोक येणार आहेत. कॅमेरा असेल. मागे हे सगळं दिसायला नको."

"हे सगळं म्हंजे?"

"म्हणजे... दुकानाचं सामान. पणजोबांचं, दिग्दर्शकाचं घर वाटलं पाहिजे ना."

"तो दिग्दर्शक याच सामानात मेला," हुस्नाबी म्हणाली. "तवा कोनी चादर नाई ओढली."

जीशान हसला. पुण्याला राहून त्याला ही एक नवी सवय लागली होती. उत्तर नसलं की हसायचं. चादर नीट करताना त्याच्या पायाला एक छोटा टिनाचा डबा लागला आणि कलंडला. हुस्नाबीनं तो झटकन उचलला, पदरानं पुसला आणि स्वतःच्या हातानं खाटेखाली, पण भिंतीला लागून, वेगळा ठेवला. त्यात दोन-दोनच्या मापाच्या हिरव्या बांगड्या होत्या. आठ-नऊ वर्षांच्या पोरीचं माप. घरात एकाच मोठ्या बाईला ते लागायचं, तिच्या सासूला, कुलसुमबीला. सासूला जाऊन चाळीस वर्षं झाली तरी तो डबा हुस्नाबीनं कोणाला विकला नव्हता.

हात धुऊन ती आली तेव्हा तिला दुसरी गोष्ट दिसली, आणि ही पहिलीपेक्षा जास्त झोंबली. टीव्हीखालच्या टेबलावर एक टाईप केलेला कागद होता आणि शेजारी निळ्या शाईचं पॅड.

"हे कोनासाठी?"

"तुझ्यासाठी. अंगठा द्यायचा आहे."

"काहून? मले सही येत नाई?"

"येते?" जीशान खरंच चकित झाला.

हुस्नाबीनं पॅड दूर सारलं. लग्नाच्या पहिल्या रमजानमध्ये सासऱ्यानं तिच्यापुढे पाटी ठेवली होती. खडू नव्हता म्हणून बांगडीच्या तुकड्यानं ओरखडून 'हुस्नाबी' लिहून दाखवलं होतं. 'दुकानात बसशील दुल्हन, तर नाव लिहिता आलं पाह्यजे.' तेवढं एकच नाव ती आयुष्यात लिहायला शिकली, पण त्यात आजवर काना-मात्रेची चूक नाही. नातवाला हे ठाऊक नव्हतं. त्याला मास्टर याकूब मनियार यांनी कोणत्या साली कोणता कॅमेरा वापरला ते ठाऊक होतं.

"जफर," तिनं मुलाला हाक मारली, "वाच रे याच्यात काय लिवलं ते."

जफर दुकान बंद करून आजच्यासाठी इस्त्रीचा सदरा घालून बसला होता. त्यानं चष्मा लावला आणि सरकारी कागद वाचावा तशा आवाजात वाचलं, "मी, हुस्नाबी रहीम मनियार, राहणार दिग्रस, लिहून देते की माझे सासरे मास्टर याकूब यांनी सन एकोणीसशे अठ्ठावीसच्या सुमारास केलेल्या मूकपटात नायिकेचे म्हणून जे हात दिसतात, ते माझ्या सासूबाई मरहूम कुलसुमबी यांचे आहेत, हे मी ओळखते."

"मी तर अजून पाह्यलेच नाई," हुस्नाबी म्हणाली.

"पाहशीलच आता. पेनड्राइव्हमध्ये आहे," जीशान म्हणाला. "पण शंका नाहीच, दादी. सगळ्यांनी मान्य केलंय."

सगळे म्हणजे कोण, ते हुस्नाबीला उमगेना. सासरा विशीत मुंबईला पळाला होता. तिथं त्यानं सात मुके सिनेमे केले. बोलणारे सिनेमे आले तसा तो दिग्रसला परतला आणि पुन्हा मनियारीच्या गादीवर बसून बायांच्या हातात बांगड्या भरू लागला. सात सिनेम्यांच्या रिळांपैकी जी घरात होती ती त्यानंच रिळं वितळवून प्लास्टिकच्या बांगड्या करणाऱ्याला देऊन टाकली. गेल्या साली कुठल्याशा गावी कोणाच्या ट्रंकेत अठरा मिनिटांचा एक तुकडा सापडला. सिनेमाचं नाव नाही, शेवट नाही, फक्त रिळाच्या डबीवर 'मास्टर याकूब' लिहिलेलं. तो धुऊन-पुसून पाहिला आणि शिकलेली माणसं वेडी झाली म्हणे. त्या काळी जो तो चेहरे दाखवत होता, माणसं दूर उभी करून हातवारे करवत होता. या दिग्रसच्या माणसानं पडदा भरून नुसता हात दाखवला. दोन दोन मिनिटं. बाई घाबरली तर हात, रडली तर हात.

त्यावर पुण्यात सिनेमाचं शिक्षण घेणाऱ्या जीशाननं लेख लिहिला होता. रविवारी नगरपरिषदेच्या सभागृहात फलक लागायचा होता आणि त्यावर नाव होतं कुलसुमबीचं: पडद्याआड राहून सिनेमाला हात देणारी बाई. फलक छापून झाला होता. फक्त ओळखणाऱ्या माणसाचा अंगठा हवा होता, आणि कुलसुमबीचे हात जाणत्या वयात पाहिलेलं माणूस घरात आता एकच उरलं होतं.

साडेबाराला दारव्ह्याहून अतिया आली. काळीपिवळी जीपमध्ये बाराजण कोंबलेले, त्यामुळं तिचा बुरखा चुरगळला होता आणि मिजासही. जफरची ही धाकटी बहीण. चप्पल काढायच्या आधीच तिनं सुरुवात केली.

"भाई, मी सांगून ठेवते, हे होनार नाई. माह्या पोराचं, साजिदचं लगन जमून राह्यलं. हाफिजसाहेबांची पोरगी हाये. त्याईले कळलं का याईची पनदादी सिनेमात होती, तर चहाबी नाई पाजनार."

"अरे पन चेहरा कुठं हाये? हातच तर हाये," जफर म्हणाला.

"हात काय परका असते? ज्या दादीनं उभ्या जन्मात फोटो नाई काढू देल्ला, तिले तुमी चौकात टांगता?"

"चौकात नाही आत्या, सभागृहात," जीशान म्हणाला.

"तू तर बोलूच नको. पुन्याले जाऊन तुह्या जिभीले इस्त्री झाली."

हुस्नाबीला मनातून लेकीचं पटत होतं आणि पटतंय म्हणून राग येत होता, कारण अतियाला दादीच्या इज्जतीची नव्हती पडली, सोयरिकीची पडली होती. तेवढ्यात दारात सुखीबाईचा आवाज आला. तांड्यावरून ती नातीच्या लग्नाच्या बांगड्या न्यायला आली होती. पन्नास-पंचावन्न वर्षांची गिऱ्हाईक. गिऱ्हाईक कसली, आता ती येऊन आधी पाणी स्वतःच घ्यायची.

"डबे कुठं गेले?" आत येताच सुखीबाईनं विचारलं.

"खाटेखाली," हुस्नाबी म्हणाली. "बस. सिनेमा पाहाचा हाये. मंग देते तुह्या बांगड्या."

जीशाननं खिडक्या लावल्या, वरून रजया टांगल्या. भर दुपारी बैठकीत अंधार झाला. टीव्हीवर आधी नुसते पांढरे ओरखडे पळाले. मग एक बाई दिसली. मोठे डोळे, काजळ, नाकात नथ. हात दिसत नव्हते, पण डोळ्यांनी ती इतकं काही करत होती की सुखीबाई हळूच म्हणाली, "हिचं पोट दुखून राह्यलं का?"

"ती मुंबईची नटी आहे," जीशान म्हणाला. "नवरा बोटीवर गेलाय. वाट पाहतेय. आता बघा, आता."

चेहरा गेला आणि पडदाभर हात आला.

हुस्नाबी पुढे सरकली. हात तांदूळ निवडत होता. निवडता निवडता थांबला. बाकी काही नाही, फक्त थांबला. दोन बोटांच्या मध्ये एक खडा तसाच राहिला. बाहेर कोणाची तरी चाहूल लागली असावी. मग तो खडा पडला. आवाज नाही, शब्द नाही, तरी चाहूल लागली हे हुस्नाबीला कळलं होतं, आणि आलं ते माणूस आपलं नव्हतं हेही.

पण हात कोणाचा?

तिनं कुलसुमबीचे हात आठवायचा प्रयत्न केला. पीठ मळणारे, तसबी फिरवणारे, शेवटच्या आजारात तिनं कोमट पाण्यानं पुसलेले. ते तिच्या डोळ्यापुढे येत आणि टीव्हीतला हात त्यांना झाकून टाकी. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झालेली. टीव्हीत सगळंच मोठं दिसतं. आपण घोटाळ्यात पडलो, एवढंच तिला कळत होतं. हात ओळखीचा होता. मग तो सासूचाच असणार. नाही तर कोणाचा असेल?

"पाहिलंस ना, दादी?" जीशाननं कानाशी विचारलं. "तिचाच आहे ना?"

"चूप बस. पाहू दे."

पत्र आलं. हातानं पत्र घेतलं नाही. तो दुसऱ्या हाताकडे गेला, मनगटावरच्या बांगड्यांकडे. नवरा गेल्याचं पत्र असणार. आता हा हात चौकटीवर आपटेल, बांगड्या फुटतील असं सगळ्यांना वाटलं. अतियानं तोंडावर पदर धरला. पण हातानं बांगड्या फोडल्या नाहीत. उजव्या अंगठ्यानं डाव्या अंगठ्याचं मूळ आतून दाबलं, पंजा मिटल्या कळीसारखा लहान झाला, आणि एक एक बांगडी आख्खी, न चरचरता, निघून आली. एक. थांबला. दुसरी. थांबला. सहावी काढून हातानं त्या ओळीनं मांडल्या, जशा डब्यात मांडतात.

आणि पांढरे ओरखडे. संपलं.

जफरनं डोळे पुसले. जीशाननं रजई काढायला हात वर केला.

"थांब," हुस्नाबी म्हणाली. "मांगं घे. बांगड्या काढते तिथं."

त्यानं मागं घेतलं, चित्र थांबवलं. हुस्नाबी टीव्हीजवळ जाऊन उभी राहिली, इतकी जवळ की उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला. मग ती वळली आणि सुखीबाईपुढे बसून तिनं तिचा हात आपल्या हातात घेतला. उजव्या अंगठ्यानं तिच्या अंगठ्याचं मूळ आतून दाबलं. पंजा मिटला.

सुखीबाईनं हाताकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं. "याडी गे!" आईला हाक मारावी तशी ती म्हणाली. "हे तर मनियारबाबा!"

"कोन?" जफर म्हणाला.

"तुहा आजा. माह्या लग्नात तांड्यावर त्याईनंच बांगड्या भरल्या. असाच हात दाबला होता. मान खाली, तोंडाकडं एकडाव नाई पाह्यलं. मी नवी नवरी, रडून राह्यली होती, तर म्हने, 'पोरी, हात घट्ट नको करू, हाताले काय माहीत सासर कसं हाये.' हा त्याईचाच हात हाये. दुसरा कोनाचा?"

सगळे एकदम बोलले. जीशान म्हणाला की अशक्य आहे, तो बाईचा हात आहे, एक केस नाही त्यावर. हुस्नाबी म्हणाली, केस काढता येतात. जफर म्हणाला, हे कसब तर अम्मीलाही येतं, मग कुलसुमदादीला का येणार नाही?

"मले ससऱ्यानं शिकवलं. सासूनं जिंदगीत बांगडीच्या डब्याले हात नाई लावला," हुस्नाबी म्हणाली. "ती मौलवीच्या घरची. मनियारी तिले हलकी वाटे. अन् माप पाह्य. टीव्हीतल्या बांगड्या दोन-दहाच्या हायेत. सासूचं माप दोन-दोन. तिच्या मनगटात त्या घातल्या तर चालता चालता पडतीन."

"पन बडे अब्बानं स्वतःचा हात कायले देल्ला?" अतियानं विचारलं.

ते हुस्नाबीलाही कळत नव्हतं. नटीनं तांदूळ निवडायला नाही म्हटलं असेल? कुलसुमबीला विचारलं असेल आणि तिनं हात मागं घेतला असेल? की त्याला कोणाचाच हात पसंत पडला नसेल? तिला फक्त एक दुपार आठवली. ती नवी होती. गिऱ्हाईक बाईचा चेहरा पाहून बोलत होती. ती बाई गेल्यावर सासरा म्हणाला होता, 'दुल्हन, तोंडाले पावडर लावता येते. हाताले काय लावशील? हात पाह्य, हात. बाई खुशीनं भरून राह्यली का जबरीनं, ते तिथं कळते.' ती समजली होती, म्हातारा धंदा शिकवतोय.

"एक काम करू," जफर घसा खाकरत म्हणाला. "हे इथंच राहू द्या. अम्मी, तू कागदावर सही करून टाक."

"कायले?"

"अवो, लोक काय म्हनतीन? मास्टर याकूबनं स्वतःच्या हातात बांगड्या भरल्या! मी उद्या दुकानात बसू कसा? पोट्टे आयुष्यभर चिडवतीन."

"भाई बरोबर बोलून राह्यला," अतिया म्हणाली, आणि हुस्नाबीनं चमकून लेकीकडे पाहिलं. "दादीचाच म्हना. हातच तर हाये, चेहरा कुठं दिसते? हाफिजसाहेबांले मी समजावीन."

"आता अर्ध्या घंट्याआधी तू म्हने हात काय परका असते?"

"तवाची गोष्ट येगळी होती, अम्मी."

सुखीबाई पदरात तोंड घालून हसत होती. हुस्नाबीला मात्र हसू आलं नाही. मघाशी भांडणारी दोघं एका बाजूला आली होती आणि ती बाजू खोट्याची होती. जिनं एका परक्या माणसालाही आपला हात नीट पाहू दिला नाही, त्या सासूला ही मंडळी सभागृहात उभी करणार. आणि ज्या माणसानं स्वतःचा हात झिजवला त्याचं नाव झाकणार, वरून त्याचाच आदर म्हणून. तिनं जीशानकडे पाहिलं. तो तरी काही बोलेल असं तिला वाटलं. याच पोरानं तर मास्टर याकूबसाठी रात्रीचा दिवस केला होता.

जीशान थांबलेल्या चित्राकडे बघत होता. चेहरा उतरला होता.

"दादी," तो शेवटी म्हणाला, "तुझं खरं असेल. पण मी लिहून बसलोय. फलक छापलाय. चार वाजता ते येतील आणि मी त्यांना सांगू की मी मनियाराच्या घरातला असून मला हात ओळखता आला नाही? माझं सगळं शिक्षण जाईल त्यात. एकदा अंगठा दे. नंतर मी हळूहळू दुरुस्त करतो."

"इकडं ये."

तो आला. हुस्नाबीनं त्याला खाली बसवलं. खाटेखाली हात घालून, चादर बाजूला करून तिनं एक डबा ओढला, त्यातून दोन-दहाची एक हिरवी बांगडी काढली आणि त्याचा डावा हात धरला.

"दादी, काय करतेस?"

"हात घट्ट नको करू."

अंगठ्याचं मूळ आतून दाबताच त्याचा पंजा मिटला आणि बांगडी घसरत मनगटावर जाऊन बसली. जीशाननं हात मागं घ्यायला पाहिलं आणि तसाच राहिला. समोर टीव्हीत थांबलेला हात होता. तोच बाहेर वळलेला अंगठा, तीच लांब करंगळी, तसंच रुंद हाड. जफर उठून उभा राहिला. अतियानं 'या अल्ला' म्हटलं.

मग हुस्नाबीनं भिंतीजवळचा टिनाचा डबा काढला आणि त्यातली दोन-दोनची बांगडी त्याच्या दुसऱ्या हातावर ठेवली. ती त्याच्या चार बोटांच्या पेरांवरच अडकली.

"हे कुलसुमबीचं माप," ती म्हणाली. "पाह्य, किती लहान होती ते. तुले ठाऊक होतं?"

जीशाननं मान हलवली. नाही.

सुखीबाईनं तेवढ्यात उठून खिडकीवरची रजई ओढली. ऊन आत आलं. बाहेर कोणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला. ते पुण्याचे लोक नव्हते, पण जफर दचकला. हुस्नाबी दचकली नाही. तिनं टाईप केलेला कागद उचलला, उलटा केला, कोरी बाजू वर करून नातवापुढे ठेवली आणि शाईचं पॅड बंद करून त्याच्या मांडीवर टाकलं.

"जीशान, तुह्या पनजोबानं तोंड दाखवाले मुंबईची बाई आनली, पन हात दाखवाले त्याले दिग्रसचा मनियारच लागला. अन् तू घरात आल्या आल्या त्याच मनियाराले चपलाजवळ सारलं. अल्लानं तुले हात त्याचा देल्ला, नजर नाई देल्ली. ती गादीवर बसून, मान खाली घालून शिकावी लागते, अन् तुले तेवढा दम नाई. शरम वाटत असन तर वाटू दे, पन माह्या सासूच्या पदराआड लपू नको. डबे काढ, पुसून जागेवर ठेव, सुखीबाईच्या नातीच्या बांगड्या तुह्या हातानं मोजून दे, अन् मंग या कागदावर लिही का हात याकूब मनियाराचा होता. तवा मी सही करीन, माह्या नावानं, अन् तूबी करशील, ती बांगडी न काढता."